कळीचे पहारेकरी

घरात डाळिंब असेल तर आणा बरं जरा. नसेल तर संध्याकाळी आईबरोबर दिवा स्टेशनबाहेर भाजी आणायला जाल, तेव्हा फळवाल्याच्या गाडीवर एक नजर टाका. विकत घ्यायलाच हवं असं नाही, नुसतं बघायचं आहे. डाळिंबाच्या टोकाला काय दिसतं? कडक, टोकदार कडांचा छोटा मुकुट. तो शोभेसाठी उगवलेला नाही. डाळिंबाचं फूल कळी होतं, तेव्हा त्या कळीला बाहेरून गच्च झाकून ठेवणारी पानं होती. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना 'निदलं' म्हटलंय. मी त्यांना कळीचे पहारेकरी म्हणते. पाकळ्या गळतात, फळ धरतं, लाल होतं, ट्रकमधून प्रवास करून दिव्याला पोचतं, तरी पहारेकरी आपली जागा सोडत नाहीत. तोच तो मुकुट.

आता सांगते, आज डाळिंबाविषयी बोलायचंच नाहीये. डाळिंबाच्या एका नातेवाइकाविषयी बोलायचं आहे. तो नातेवाईक म्हणजे एक मोठं झाड आहे, आणि तुमच्या सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या कुंपणाशी ते लावावं असं मला फार वाटतं.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोण? शेकरू. राज्यपक्षी? हरियाल. राज्यवृक्ष? आंबा. इथपर्यंत सगळा वर्ग एका सुरात ओरडतो. आणि राज्यफूल? इथे आवाज जरा पडतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'कमळ' म्हणतं. अरे, कमळ देशाचं! आपल्या राज्याचं फूल ताम्हण. याच झाडाला मोठा बोंडारा किंवा जारूलही म्हणतात. एप्रिल सरताना ते फुलायला लागतं आणि मे महिनाभर फुललेलं असतं. म्हणजे १ मे ला, महाराष्ट्र दिनाला, राज्यफूल अगदी वेळेवर हजर! इतका वक्तशीर पाहुणा दुसरा नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण मे महिन्यात गावी जातात. दिव्याहून सावंतवाडीला जाणारी गाडी तर तुमच्या हक्काचीच. यंदा खिडकीची जागा मिळाली तर मोबाइल खिशात ठेवा आणि ओढ्यांच्या, नद्यांच्या काठाकडे बघत राहा. हिरव्या गर्दीत मधूनच एखादं झाड जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांनी भरलेलं दिसेल. बहुधा तोच ताम्हण. 'बहुधा' एवढ्यासाठी म्हटलं, की जांभळट फुलांची आणखी दोन झाडं लोकांना फसवतात. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ गुलाबी फुलांनी लहडलेली झाडं असतात आणि दरवर्षी त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, ती टॅबेबुया. ती दक्षिण अमेरिकेकडची. दुसरं झाड जॅकरांडा. तेही तिकडचंच. दोघांची फुलं नळीसारखी, पाकळ्या बुडाशी एकमेकींना चिकटलेल्या. ताम्हणाच्या पाकळ्या सुट्ट्या असतात, मोजता येतात. बहुतेक वेळा सहा.

खाली पडलेलं एक फूल उचला. सहा पाकळ्यांपैकी प्रत्येकीला छोटासा दांडा आहे, त्यामुळे दोन पाकळ्यांच्या मधून आरपार दिसतं. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. मोजायला बसलात तर शंभराच्या वर भरतील, आणि मोजता मोजता दोनदा तरी चुकाल. पण माझं लक्ष जातं ते पाकळ्यांच्या पोताकडे. अगदी ताजं, सकाळी उमललेलं फूल असलं तरी पाकळी गुळगुळीत नसते. आठवडाभर दप्तराच्या तळाशी कोंबलेला रुमाल बाहेर काढावा तशी ती चुरगळलेली असते.

असं का? कळीचे पहारेकरी आठवा. ताम्हणाची निदलं जाड आणि कडक असतात. कळीवर ती एकमेकांना कडेला कड लावून अशी काही मिटलेली असतात, की आतल्या पाकळ्यांना पसरायला जागाच राहत नाही. पाकळ्या मात्र आत वाढतच असतात. पाकळी मोठी आणि जागा लहान, मग काय होणार? वाट फुटेल तिकडे घड्या पडत जातात. शेवटी निदलं फाकतात, पाकळ्यांच्या पेशींमध्ये पाणी भरतं आणि त्या बाहेर पसरतात. घड्या बऱ्याचशा उलगडतात, पण खुणा उरतातच.

आता गंमत बघा. कुणाच्या गॅलरीत डाळिंबाचं कुंडीतलं झाड असेल तर त्याचं उमललेलं फूल पाहा. पाकळ्या चुरगळलेल्या! मेंदीच्या झुडपाला फुलं येतात, बारीक, पांढरट, मंद वासाची. घरी भिंग असेल तर त्यातून बघा. त्याही पाकळ्या सुरकुतलेल्या! ताम्हण, डाळिंब आणि मेंदी ही एकाच कुळातली झाडं आहेत. म्हणजे ताईच्या लग्नात हातावर रंगलेली मेंदी आणि तुम्ही दाणे सोलून खाल्लेलं डाळिंब हे दोघं राज्यफुलाचे सख्खे नाहीत तरी चुलत नातेवाईक. उपासाला पीठ मिळतं तो शिंगाडाही याच कुळात. तो तर तळ्यातल्या पाण्यावर तरंगणारा. रानात उन्हाळ्याच्या तोंडाशी तांबड्या बारीक नळ्यांनी भरून जाणारी धायटी, जिची सुकी फुलं वैद्य आसवं-अरिष्टं मुरवताना घालतात, तीही यांच्यातलीच. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञांनी डाळिंबाचं कुळ वेगळं मानलं होतं, शिंगाड्याचंही वेगळं. दिसायलाही ही मंडळी केवढी निरनिराळी! पुढे डीएनए वाचता यायला लागला आणि मग सगळ्यांना एकाच घरात आणावं लागलं. खुणा मात्र आधीपासून डोळ्यांसमोर होत्याच. चुरगळलेल्या पाकळ्या, आणि फूल संपलं तरी न हटणारे पहारेकरी.

याच घरातला एक जण तर दिव्याच्या दाराशीच राहतो.

दिव्याच्या उत्तरेला उल्हास नदीची खाडी आहे. मुंब्र्याकडून येताना गाडीतून चिखल, पाणी आणि हिरवी झाडी दिसते ती खाडीकाठची. त्यातली बरीच झाडं तिवरांची. पण ठाणे खाडीच्या परिसरात तिवरांच्या सोबतीला चिप्पी नावाची झाडंही आहेत, आणि त्यातली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. कांदळ म्हणजे खाडीच्या खारट चिखलात वाढणारी झाडं. चिप्पी ताम्हणाच्याच कुळातली! म्हणजे आपलं राज्यफूल आणि आपला राज्य कांदळवृक्ष एकाच घराण्यातले निघाले. हे ठरवून झालं असेल असं मला वाटत नाही, पण मला भारी आवडतं.

चिप्पीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रभर जागं राहतं. त्यात पांढऱ्या पुंकेसरांचा मोठा झुपका आणि बुडाशी भरपूर मध असतो. पतंग आणि वटवाघळं त्यावर येतात, आणि सकाळी उजाडेपर्यंत पुंकेसर गळून चिखलात पडलेले असतात. मग हिरवं, गोल, चपटं फळ धरतं. त्याच्या बुडाशी चांदणीच्या आकाराची पसरलेली निदलं! डाळिंबाला मुकुट डोक्यावर, चिप्पीला पायाशी. ताम्हणाच्या बोंडालाही तो पायाशीच असतो.

चिप्पी खारट चिखलात कशी जगते तेही पाहू. चिखलात भरतीचं पाणी भरून राहतं, मातीतल्या कणांमध्ये हवाच उरत नाही. मुळांना तर श्वास घ्यायला हवा लागते. म्हणून चिप्पीची काही मुळं चिखलातून सरळ वर येतात, जाडजूड, टोकाला निमुळती. ओहोटीला ती उघडी पडतात आणि त्यांच्यातून हवा आत जाते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या पुलावरून जाताना खाली बघा. मात्र पाहायचं ते लांबूनच. चिखलात उतरायचं नाही. तो चिखल खोल असतो आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षणही आहे.

ताम्हणाची गोष्ट थोडी वेगळी. तोही पाण्याकाठचाच, पण गोड्या पाण्याच्या. ओढा, नदी, पाणथळ रान हे त्याचे पत्ते. पावसाळ्यात चार दिवस पायाशी पाणी राहिलं तरी तो घाबरत नाही. याच कारणासाठी मी म्हणते की दिव्याला तो शोभेल. दिव्यातल्या सखल भागात जुलैत काय होतं ते मी सांगायला नको. गुडघ्याएवढ्या पाण्यातून शाळेत गेलेले तुम्हीच. अशा जागी मुळं कुजणारं एखादं नाजूक शोभेचं झाड आणून लावलं, तर पैसे वाया आणि झाडही बिचारं उगाच मरतं. झाड लावायच्या आधी त्याचा मूळ पत्ता विचारावा. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. आपल्या रस्त्यांवर या पाहुण्यांचीच गर्दी जास्त, आणि ज्याला राज्यफुलाचा मान दिला तो ताम्हण शोधावा लागतो. हे मला जरा चमत्कारिक वाटतं, पण असो.

एक मात्र तपासा. जागा खाडीला अगदी लागून असेल, तिथे मे महिन्यात जमिनीवर मिठाचा पांढरा थर दिसत असेल, तर तिथे ताम्हण नको. ते चिप्पीचं राज्य. दातिवली, साबे, आगासनकडे जिथे आगरी शेतकऱ्यांची भातशेती पिकायची किंवा अजून पिकते, तिथली गोडी माती त्याला चालेल.

रोप आणायचं कुठून? नर्सरीत मिळतं, पण बियांपासून करण्यात वेगळीच मजा आहे. जानेवारीपासून मार्चपर्यंत ताम्हणाखाली जा. फांद्यांवर तपकिरी, लाकडासारखी कडक बोंडं दिसतील. लहान सुपारीएवढं बोंड सुकलं की सहा फाकांमध्ये तडकतं आणि तळाशी निदलांची चांदणी तशीच. आतून चपट्या, तपकिरी बिया निघतात आणि प्रत्येक बीला एका बाजूला पातळ पंख. एक बी हातातून सोडा. ती सरळ पडत नाही, गिरक्या घेत खाली येते. आता पंख हळूच मोडून सोडा. फरक कळला? गिरक्या घेणारी बी हवेत जास्त वेळ राहते, आणि तेवढ्या वेळात वारा तिला आईच्या सावलीपासून दूर नेतो. नदीकाठच्या झाडाला आणखी एक सोय आहे: हलकी बी पाण्यावर पडली तर पाणीही तिला पुढे नेतं.

बिया ताज्या असतानाच पेरा. वर्षभर डबीत ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हणाल तर पुष्कळशा उगवणार नाहीत. रात्रभर पाण्यात भिजत घाला. एखादा पसरट डबा घ्या, तळाला भोकं पाडा. माती, बारीक रेती आणि शेणखत मिसळून भरा. बिया वर पसरा आणि त्यांच्यावर अगदी पातळ थर द्या, नखाच्या जाडीचा. खोल पुरलेल्या बारीक बीला वर येण्याआधीच शिदोरी संपते. पाणी ओतू नका, शिंपडा. डबा उजेडात पण कडक उन्हात नाही, अशा जागी. पंधरा दिवसांत काही उगवतील, काहींना महिना लागेल. पुष्कळ बिया मुळातच पोकळ असतात, त्या कधीच उगवणार नाहीत, त्यामुळे मूठभर पेरा आणि ओंजळभर रोपांची आशा धरू नका. रोपं बोटभर झाली की एकेक पिशवीत हलवा. पहिल्या वर्षी ती फारशी वाढलेली दिसणार नाहीत. ती वेळ मुळांची असते.

पुढच्या जूनमध्ये, चांगले दोन पाऊस झाल्यावर, रोप जमिनीत लावा. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. हे काम मोठ्यांकडून करून घ्या, कारण दिव्यात थोडं खणलं की विटांचे तुकडे, प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा निघतो. तो सगळा बाहेर काढा. निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचं खत भरा. जागा उन्हाची हवी; सावलीत ताम्हण जगेल, पण फुलं द्यायला कां-कूं करेल. इमारतीच्या भिंतीपासून पंधरा-वीस फूट तरी लांब लावा. आज ते तुमच्या ढोपराएवढं आहे म्हणून फसू नका. पुढे तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत जाणारं झाड आहे ते. बाजूला बांबू रोवा आणि सुतळीने सैल बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यात, म्हणजे खोड बांबूवर घासणार नाही. जाळी लावा. जाळी बकऱ्यांसाठी, आणि पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या तुमच्यासाठीही.

पावसाळा संपला की खरी परीक्षा सुरू होते. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावं लागतं, आणि उन्हाळ्यात दिव्यात माणसांनाच पाण्याची ओढाताण. नवं पाणी आणायला नको. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नको. आठवड्यातून दोनदा बादलीभर, एकदम भडाभडा न ओतता मुरेल तसं. बुडाशी वाळलेल्या पानांचा चार बोटं जाड थर घाला, ओल टिकते. हा थर खोडाला चिकटवू नका, थोडी जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

आणि पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी तुम्ही घाबरणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते. ताम्हणाची मोठी, लांबट पानं तांबूस होतात, मग लालभडक होतात आणि गळून पडतात. फेब्रुवारीत नुसत्या काटक्या. सोसायटीतले एखादे काका येऊन म्हणतील, 'मेलं ते, उपटून टाका, तिथे एक स्कूटर मावेल.' ऐकू नका. कोरड्या दिवसांत पानांवाटे पाणी उडून जातं, म्हणून ते झाड पानंच उतरवून ठेवतं. त्याआधी पानांतलं कामाचं सामान खोडात परत ओढून घेतं, हिरवा रंग मोडतो आणि लाल रंग दिसायला लागतो. शंका असेल तर नखाने एखादी डहाळी किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं की ते जिवंत आहे. मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी येते.

छाटणीचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण मोठी माणसंही इथे गडबड करतात. ताम्हणाची फुलं त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकाला येतात. म्हणून छाटायचंच असेल तर झाड उघडं असताना, पालवी फुटायच्या आधी, थोडंसंच. वाळकं, मोडकं, एकमेकांवर घासणारं तेवढं काढायचं. पावसाळ्याच्या आधी फांद्या तोडायची घाई सुटते, एप्रिल-मेमध्ये कोयते निघतात आणि नेमकी कळ्यांची टोकंच रस्त्यावर पडतात. झाड मोठं झालं की आपल्या मनाने कोयता चालवायचाही नाही. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे आणि मोठ्या छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. दिवा ठाणे महापालिकेत येतं, तेव्हा अर्ज तिकडे.

कोवळ्या शेंड्यांवर कधी मावा किंवा पिठ्या ढेकूण बसतो. पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, नाही गेला तर कडुनिंबाचं तेल पाण्यात कालवून फवारा. कळ्या-फुलांवर मात्र काहीही मारू नका, कारण मधमाश्या येतात. ताम्हणाच्या फुलात मध नसतो बरं का! मधमाश्या येतात त्या परागांसाठी. एवढे ढीगभर पुंकेसर कशाला, याचं उत्तर इथे आहे. काही पराग माश्या पिल्लांसाठी घेऊन जाणार, काही त्यांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर पोचणार. दोघांनाही पुरायला हवेत.

बियांपासून केलेलं झाड फुलायला चार-पाच वर्षं लागतात, कधी जास्त. आज तिसरीत असाल तर आठवीत फुलं. तोवर एक जुनी हकीगत सांगते. सतराव्या शतकात कोचीला डच लोकांचं ठाणं होतं. तिथला अधिकारी व्हॅन रीड याने मलबारच्या झाडांचा एक अवाढव्य ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. बारा खंड, १६७८ ते १६९३. त्यात मलबारातल्या नावाने ताम्हणाचं मोठं चित्र आहे. हे ज्ञान पुरवणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युदन नावाचे वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही. या तिघांनी कोंकणीत, देवनागरी अक्षरांत लिहून दिलेलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलंय. ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या लॅटिन पुस्तकात आपली अक्षरं! आपल्या टपाल खात्यानेही १९९३ साली ताम्हणाचं तिकीट काढलं होतं. आजोबांकडे जुना तिकीटसंग्रह असेल तर उचकटून बघा.

आता शेवटचा पहारेकरी, आणि तो सगळ्यांत चलाख.

तुमच्यापैकी कुणाची मावसबहीण अमेरिकेत व्हर्जिनियात असेल, तर तिला विचारा, 'तुमचं राज्यफूल कोणतं?' ती म्हणेल, डॉगवुड. १९१८ पासून. आणि १९५६ पासून त्यांचा राज्यवृक्षही तोच. एप्रिलमध्ये, आपला ताम्हण कळ्या धरतो त्याच सुमाराला, तिकडे डॉगवुडची बुटकी झाडं पानं यायच्या आधीच पांढरीशुभ्र होतात. जपानने १९१२ साली वॉशिंग्टनला तीन हजारांवर चेरीची झाडं पाठवली, तेव्हा परतफेडीत अमेरिकेने १९१५ मध्ये डॉगवुडचीच रोपं पाठवली होती.

फोटोत डॉगवुडच्या फुलाला चार मोठ्या पांढऱ्या पाकळ्या दिसतात, प्रत्येकीच्या टोकाला एक खाच. पण त्या पाकळ्या नाहीतच! फूल म्हणजे मधला तो हिरवट-पिवळा पुंजका, त्यात बारीक बारीक वीसेक फुलं. चार पांढरी पानं ही सहपत्रं, म्हणजे पहारेकरीच. डॉगवुड आपल्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतं आणि बर्फाळ हिवाळाभर हीच चार सहपत्रं त्यांना मिटून झाकून ठेवतात. तेव्हा ती बटणाएवढी आणि तपकिरी असतात. वसंत आला की ती उघडतात, वाढतात, पांढरी होतात आणि कीटकांना बोलावतात. थंडीत टणक झालेलं टोक वाढत नाही, म्हणून तिथे खाच राहते. डाळिंबाचा पहारेकरी नुसता टिकून राहिला, डॉगवुडचा पहारेकरी स्वतःच नटून उभा राहिला! कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, म्हणूनच तिकडे छाटणी फुलं संपल्यावर लगेच करतात. आपल्यासारखी हिवाळ्याच्या शेवटी केली तर कळ्याच कापल्या जातील.

असले नटलेले पहारेकरी बघायला व्हर्जिनियाला जायला नको. सोसायटीच्या फाटकावरची बोगनवेल बघा. तिची गुलाबी 'पाकळी' म्हणजे सहपत्र, आणि प्रत्येकाला आतून चिकटलेली बारीक पांढरी नळी हे खरं फूल. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना भूतकेस भेटतं: हिरव्या झुडपावर अधूनमधून पांढरी पानं आणि मध्ये चिमुकली केशरी फुलं. तिथे पाचांपैकी एकच निदल मोठं होऊन पांढरं होतं, बाकीची चार गप्प.

'मग आपण दिव्यात डॉगवुड लावूया की!' नाही जमणार. त्याच्या बीला उगवण्याआधी तीन-चार महिने ओल आणि कडक गारठा लागतो. फ्रिजमध्ये ठेवून तेवढं तुम्ही साधाल, पण झाड मोठं झाल्यावर त्याला दरवर्षी हिवाळा कुठून आणून देणार? शिवाय ते मोठ्या झाडांच्या विरळ सावलीतलं, पाणी न साचणाऱ्या रानातलं झाड. दिव्याचा जुलै त्याला सोसायचा नाही. आणि बहिणीला बिया पाकिटातून पाठवायला सांगू नका. परदेशातून बियांबरोबर रोग-किडीही येतात, म्हणून त्यावर नियम आहेत. फोटोंची अदलाबदल करा, तिचं एप्रिलमधलं, तुमचं मेमधलं.

डॉगवुडचं एक भावंड मात्र भारतातच आहे. उत्तराखंडात त्याला भमोरा म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत नैनिताल, मुक्तेश्वरकडे गेलात तर डोंगरउतारावर फिकट पिवळ्या चार सहपत्रांची झाडं शोधा. पुढे शरदात त्याला खरबरीत लाल फळं येतात. ती तिकडची मुलं आवडीने खातात. अमेरिकेतल्या डॉगवुडची तांबडी फळं मात्र इतकी कडू, की ती पक्ष्यांनीच खावीत.